जुनी पत्रं, पोस्टकार्डं आणि टीईआय : दप्तरापासून अभ्यासकांच्या आवृत्तीपर्यंत

कृष्णाकाठाला जुनी पत्रं छापण्याची सवय शंभर वर्षांहून जुनी आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तो वाईत सापडलेल्या कागदांवर. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत शिकवता शिकवता पटवर्धन सरदारांचं दप्तर वाचत राहिले आणि त्यातली पत्रं खंडामागून खंड छापत गेले. साताऱ्यात इतिहाससंग्राहक द. ब. पारसनिसांनी जमवलेला मोठा संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. म्हणजे कागद गोळा करणं, मोडी लावणं, छापणं यात या भागाला कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही.

छापील पानावर मात्र एका जागी एकच पाठ बसतो. कागद कुठे कुरतडलेला होता, कोणतं अक्षर संपादकानं अंदाजानं भरलं, 'तात्या' म्हणजे नेमके कोण हे पत्रातच होतं की संपादकाला ठाऊक होतं, हे कंसात आणि तळटिपेत मावेल तेवढंच पुढे येतं. संगणकावरच्या आवृत्तीत तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता येतात : कागदावर काय आहे, आपण काय वाचलं, आणि त्यावरून आपल्याला काय वाटतं. पुढची सगळी खटपट या तीन गोष्टी एकमेकींत मिसळू नयेत यासाठी आहे. तेवढं पथ्य पाळायचं नसेल तर सरळ वर्डमध्ये टाइप करून पीडीएफ काढा, वेळ वाचेल.

या कामाची जगभर रुळलेली पद्धत म्हणजे टीईआय, अर्थात टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह. हा उपक्रम १९८७ मध्ये सुरू झाला. आज वापरात असलेली पी-५ ही आवृत्ती २००७ ची, आणि तिच्यात अजूनही भर पडत असते. पत्रव्यवहाराच्या नोंदीसाठीचा खास भाग २०१५ मध्ये आला. टीईआय म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. साध्या मजकुराच्या फाइलीत, एक्सएमएल या खुणा घालण्याच्या सर्वमान्य पद्धतीच्या नियमांनुसार, कोणत्या शब्दाभोवती कोणती खूण घालायची याचा तो ठरलेला शब्दसंग्रह आहे.

या लेखात खुणांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष फाइलीत ती रोमन लिपीत टंकायची. लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही जपायचा : व्यक्तीच्या नावाच्या 'पर्सनेम' या खुणेतला 'नेम' कॅपिटल अक्षरानं सुरू होतो, स्थळाच्या नावाच्या 'प्लेसनेम'मधलाही. एक्सएमएलमध्ये देवनागरी खुणा चालतात, त्यामुळे स्वतःची मराठी नावं ठेवण्याचा मोह होतो. करू नका. आपली फाइल इतरांच्या फाइलींशेजारी ठेवता यावी म्हणूनच ही पद्धत घ्यायची आहे.

कागद, परवानगी आणि छायाचित्रं

घरातल्या ट्रंकेतली पत्रं आपल्या मालकीची असली तरी त्यातल्या मजकुराचा हक्क पाठवणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. कागद ज्याच्या हाती आला तो कागदाचा धनी, शब्दांचा नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हा हिशेब बहुतेकांना माहीत असतो. पण पत्र लेखकाच्या हयातीत कधीच छापलं गेलं नसेल, तर भारतीय कायद्यात साठ वर्षांची मोजणी पहिल्या प्रकाशनापासून होऊ शकते. म्हणून दोन्हीकडच्या कुटुंबांकडून साध्या कागदावर लेखी संमती घ्या. त्यात 'इंटरनेटवर प्रकाशनासाठी' हे शब्द असू द्या. आजारपण, कर्ज, मोडलेली सोयरीक असे विषय असतील, तर कोणती पत्रं आत्ता बाहेर जाणार नाहीत हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको, ओल्या फडक्यानं पुसणं तर नकोच. जुन्या मोडी कागदावर शाई टिपायला टाकलेल्या वाळूचे कण कधी कधी अजून चिकटलेले दिसतात. ते झटकू नका, नोंदवा. लग्नपत्राच्या कोपऱ्याला लागलेलं हळदकुंकू हाही डाग नाही, मजकुराचाच भाग आहे. या गोष्टी हेडर म्हणजे फाइलीच्या डोक्यावरच्या माहितीतल्या 'फिजडेस्क' या भागात दोन वाक्यांत जातात.

स्कॅन रंगीत, किमान ४०० डीपीआय, जमल्यास ६०० डीपीआय, टिफ स्वरूपात. पोस्टकार्डाच्या दोन्ही बाजू घ्यायच्या. पत्राची मागची बाजू कोरी असली तरी घ्यायची, कारण कोरं पान कोरं होतं हा पुरावाच आहे. घडीवर तुटत आलेला कागद स्कॅनरच्या काचेखाली दाबण्यापेक्षा खिडकीजवळच्या उजेडात, सरळ वरून, कॅमेऱ्यानं टिपा. फाइलींना देवनागरी नावं आणि मधे जागा देऊ नका. संग्रहाची दोन अक्षरं, चार आकडी क्रमांक आणि बाजूसाठी अ किंवा ब, रोमनमध्ये, एवढं पुरे. क्रमांक तारखेवरून पाडू नका. तारीख पुढे बदलते, क्रमांक बदलता कामा नये.

प्रती तीन ठेवा, आणि त्यातली एक गावाबाहेर. २००५ आणि २०१९ चा पूर सांगलीनं पाहिलाय. घरातली हार्ड डिस्क आणि तिच्याच शेजारच्या कपाटातली दुसरी हार्ड डिस्क या दोन प्रती नाहीत.

टंकलेखन : इथेच निम्मं काम आहे

आधी युनिकोड, म्हणजे अक्षरांना जगभर ठरलेले क्रमांक देणारी पद्धत. जुन्या डीटीपी फाँटात टाइप केलेला मजकूर दिसतो देवनागरी, पण आत रोमन चिन्हं असतात. तो या कामाला चालत नाही. एखाद्या जुन्या कार्यकर्त्यानं पत्रं आधीच तशी टाइप करून ठेवली असतील तर ती रूपांतरित करा आणि मुळाशी पुन्हा अक्षरन् अक्षर ताडा. रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी हमखास घसरतात.

युनिकोडमध्येही मराठीच्या खास अडचणी आहेत. 'दुसऱ्या' या शब्दातलं अर्धं र दोन पद्धतींनी टंकता येतं : खालच्या टिंबाचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखी, शोधताना दोन वेगळे शब्द. 'ॲ'चंही तेच : एक स्वतंत्र अक्षर, आणि दुसरं अ वर चंद्र देऊन बनवलेलं. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारं युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण चालवून ही भिन्नता सगळी जात नाही. म्हणून गटानं पहिल्याच दिवशी एक रूप ठरवावं आणि प्रत्येक फाइलीवर शोधा-बदला चालवावं. दंड आणि दुहेरी दंडासाठी त्यांचीच चिन्हं वापरा, कीबोर्डावरची उभी रेघ नको. आणे-पैचा हिशेब असेल तर पाव, अर्धा, पाऊण दाखवणाऱ्या उभ्या रेघांना युनिकोडमध्ये वेगळी संख्याचिन्हं आहेत. तिथे दंड टंकला तर वाक्य संपलं की पावली आली हे संगणकाला कळणार नाही.

मग शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पत्रांत 'गांवीं', 'तुझें', 'मिळतांच' असंच असणार. ते तसंच ठेवा. शोधण्यासाठी आजचं रूप हवं असेल तर 'चॉइस' ही खूण वापरा : तिच्या आत 'ओरिज' म्हणजे मूळ आणि 'रेग' म्हणजे आजचं. पण प्रत्येक अनुस्वारासाठी हे करत बसलात तर एका कार्डाला एक दुपार जाईल. अनुस्वार वगळून शोध घेण्याची सोय शोधयंत्राच्या बाजूला करता येते. खूण फक्त तिथे घाला, जिथे जुनं रूप आजच्या वाचकाला अडवतं.

मोडी पत्रांसाठी निर्णय मोठा आहे. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ पासून जागा आहे आणि फाँटही मिळतात. तरी माझं मत, पाठ देवनागरीत द्यावा, मोडी प्रतिमेत दिसू द्यावी. आपला वाचक देवनागरी वाचणार आहे. मोडीच्या रूपांचाच अभ्यास करायचा असेल तर गोष्ट वेगळी. देवनागरीत आणताना दोन गोष्टी तुम्ही स्वतःच्या पदरच्या घालता. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ते तुम्ही तोडता. इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद मोडी सहसा पाळत नाही, तो तुम्ही ठरवता. हे प्रत्येक ठिकाणी खुणेनं दाखवायचं नाही. हेडरमधल्या 'एडिटोरियलडेक्ल' या भागात एकदाच स्पष्ट लिहायचं : 'शब्द आम्ही तोडले, ऱ्हस्वदीर्घ आजच्या नियमांप्रमाणे केलं' किंवा 'सगळीकडे दीर्घ ठेवलं'. जे ठरवाल ते शेवटच्या पत्रापर्यंत पाळा.

आता वाचता न येणारी जागा. इथे तीन खुणा आहेत आणि नवशिक्या हाताकडून त्यांचीच सर्वांत जास्त गल्लत होते. अक्षर कागदावर आहे, पण नीट लागत नाही, तुमचा एक अंदाज आहे : 'अनक्लिअर'. अक्षर कागदावर राहिलेलंच नाही, वाळवीनं नेलं, पण वाक्यावरून काय असणार ते कळतं : 'सप्लाइड', आणि सोबत कारण. काहीच सांगता येत नाही : 'गॅप', आणि सोबत अंदाजे किती अक्षरं किंवा ओळी. 'गॅप' लिहायला लाजू नका. पटवर्धनी दप्तरातल्या एखाद्या सरदाराचं नाव अंदाजानं भरलं आणि 'सप्लाइड' घालायचं राहिलं, तर पुढचे दहा अभ्यासक ते नाव पुरावा म्हणून वापरतील.

खोडलेल्या मजकुराला 'डेल', वर किंवा समासात घुसवलेल्या मजकुराला 'ॲड'. खोडलेलं वाचता येत असेल तर वाचून आत लिहा. 'आलो नाही' खोडून 'येऊ शकलो नाही' केलं असेल, तर ती खोड पत्रातल्या बाकी मजकुराइतकीच बोलते.

पत्राचा प्रवास : हेडर

प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर 'टीईआय-हेडर' असतो. त्यात शीर्षक, संपादकांची नावं, मूळ कागद कुठे आहे, लिपी, भाषा, परवाना ही माहिती येते. मराठी मजकुराचा भाषासंकेत मराठीची दोन रोमन अक्षरं, लिपी सांगायची असेल तर जोडरेघ आणि देवनागरी किंवा मोडीचा चार अक्षरी संकेत. पत्रासाठी महत्त्वाचा भाग 'करेस्पडेस्क'. त्यात 'करेस्पॲक्शन' या खुणेच्या दोन नोंदी करायच्या, एक पाठवल्याची, एक पोचल्याची. प्रत्येकीत व्यक्ती, गाव, तारीख. पत्र एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर वळवलेलं असेल तर त्याची तिसरी नोंद. 'करेस्पकॉन्टेक्स्ट'मध्ये हे पत्र कोणत्या पत्राचं उत्तर आहे आणि याला उत्तर कोणतं, हे क्रमांकानं जोडायचं.

इथे नाव, गाव, तारीख जे लिहाल तो तुमचा निष्कर्ष असतो. पत्रात सही नसली तरी हस्ताक्षरावरून पाठवणारा कळला, तर इथे नाव येऊ शकतं, पण 'सर्ट' या गुणधर्मानं, म्हणजे खुणेला जोडलेल्या जादा माहितीनं, खात्री किती तेही सांगायचं : उच्च, मध्यम, कमी. खालच्या मजकुरात मात्र सही नाही म्हणजे नाही.

मायन्यापासून लेखनसीमेपर्यंत

मराठी पत्राचा साचा इतका पक्का आहे की टीईआयच्या खुणा त्यावर जवळजवळ बेतून आल्यासारख्या बसतात. वरचं '॥ श्री ॥', गाव, तारीख आणि मायना 'ओपनर'मध्ये. 'कळावे, लोभ असावा ही विनंती', सही, जुन्या पत्रात 'बहुत काय लिहिणे' हे 'क्लोजर'मध्ये. 'ता. क.' आला तर 'पोस्टस्क्रिप्ट'. '॥ श्री ॥'ला टीईआयमध्ये स्वतःची खूण नाही. 'सेग' ही सर्वसाधारण खूण घेऊन तिला 'मंगलाचरण' असा प्रकार द्या आणि संग्रहभर तोच ठेवा.

समजावण्यासाठी एक कार्ड रचून घेऊ. १९५२ साल, मुंबईच्या गिरणीतला मुलगा तासगावकडे आईला लिहितोय :

॥ श्री ॥
मुंबई ता. ३-६-५२
ती. स्व. आईस सा. न. वि. वि. तुझें कार्ड पावलें. तात्यांच्या पायाचें कळलें. १० रु. मनिआर्डर केली आहे ती मिळतांच उलट टपालीं कळविणें. आक्कास आशीर्वाद. पत्र वाचणारास नमस्कार.

पहिल्या दोन ओळींचं आणि मायन्याचं रूप साधारण असं होईल :

<ओपनर>
<सेग टाइप="मंगलाचरण">॥ श्री ॥</सेग>
<डेटलाइन><प्लेसनेम रेफ="#स्थळ००१">मुंबई</प्लेसनेम> <डेट व्हेन="१९५२-०६-०३">ता. ३-६-५२</डेट></डेटलाइन>
<सॅल्यूट><चॉइस><ॲबर>ती. स्व.</ॲबर><एक्स्पान>तीर्थस्वरूप</एक्स्पान></चॉइस> <आरएस रेफ="#व्यक्ती००२">आईस</आरएस> <चॉइस><ॲबर>सा. न. वि. वि.</ॲबर><एक्स्पान>साष्टांग नमस्कार विनंती विशेष</एक्स्पान></चॉइस></सॅल्यूट>
</ओपनर>

'व्हेन'मधले आकडे फाइलीत इंग्रजी वळणाचेच लागतात. देवनागरी आकडे घातले की तपासणीत चूक येते. मजकुरात मात्र ३-६-५२ जसं कागदावर आहे तसंच. ओळख-क्रमांक अंकानं सुरू करता येत नाही, म्हणून आधी 'व्यक्ती' किंवा 'स्थळ' यांसारखा शब्द, अर्थात रोमनमध्ये.

संक्षेप ('ॲबर') उलगडणं ('एक्स्पान') मराठी पत्रात फार येतं : रा. रा., चि., गं. भा., मु. पो.; मोडीत रा॥, क॥, प॥. एकच संक्षेप शेकडो पत्रांत येणार असेल तर त्याची वेगळी सूची करा आणि उलगडा तिथून आपोआप भरून घ्या. हातानं केलं की एकीकडे 'विनंती विशेष' आणि दुसरीकडे 'विज्ञापना विशेष' होऊन बसतं.

पोस्टकार्डाच्या दोन बाजू

कार्ड हे लहान पत्र समजून भागत नाही. त्याच्यावर छापील मजकूर, हस्तलिखित मजकूर, पोस्टाचे शिक्के आणि कधी चिकटवलेलं जादा तिकीट असे चार थर असतात आणि ते चार वेगवेगळ्या हातांनी आलेले असतात. 'फॅक्सिमिली' या प्रतिमांच्या विभागात प्रत्येक बाजूसाठी एक 'सरफेस' करा आणि त्यात 'झोन' आखा : पत्ता, मजकूर, छापील तिकीट, शिक्का. मजकुराचा 'झोन' आडवा असेल तर 'रोटेट' या गुणधर्मात किती अंश फिरवायचा ते जातं.

कार्ड भरलं की लिहिणारा समासातून वर चढतो, मग कार्ड उलटं धरून दोन ओळींच्या मधल्या जागेत उतरतो. या ओळी 'ॲड' नव्हेत. तो मजकूर नंतर सुचलेला नाही, जागा संपली म्हणून तिथे गेला. वाचनाच्या क्रमानं तो मुख्य मजकुरात ठेवा आणि 'झोन'शी जोडा. 'ॲड' राखून ठेवा, आधीच्या वाक्यात मागाहून घुसवलेल्या शब्दासाठी.

शिक्क्यासाठी 'स्टॅम्प' ही खूण, प्रकार 'पोस्टमार्क'. शिक्क्यातलं गाव आणि तारीख जेवढी उमटली तेवढीच टंका, उरलेल्याला 'गॅप'. पाठवल्याचा आणि पोचल्याचा असे दोन शिक्के मिळाले तर भाग्य समजा. मधले दिवस हेडरमध्ये आपोआप बसतात. पहिल्या महायुद्धात सातारा भागातून फौजेत गेलेल्यांच्या कार्डावर फील्ड पोस्ट ऑफिसचा नुसता क्रमांक असतो, गाव नसतं. सेन्सॉरचा शिक्काही असतो. अशा वेळी पाठवल्याच्या जागी देशाचं नाव अंदाजानं ठोकू नका. क्रमांक टंका आणि जागा अज्ञात ठेवा. पुढे कुणी त्या क्रमांकाचा माग काढेल.

तारीख नसलेलं कार्ड कितीतरी वेळा कार्डच सांगतं. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ ला सुरू झालं, किंमत पाव आणा. त्याआधीचं कार्ड असूच शकत नाही. सुरुवातीच्या कार्डांवर एका बाजूला फक्त पत्ताच लिहावा अशी छापील सूचना असे, त्यामुळे मजकूर दुसऱ्या बाजूलाच सापडेल. छापील तिकिटावर कोणत्या राजाचं डोकं आहे ते पाहा, पण त्यावरून फक्त 'याच्या आधी नाही' एवढंच ठरवा. नवा राजा आला तरी जुनी कार्डं घरात उरलेली असत. किंमत 'नये पैसे'मध्ये असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचं. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आणि आमच्याकडची सगळ्यांत उपयोगी खूण : पत्त्यात 'जि. द. सातारा' किंवा 'दक्षिण सातारा' असेल तर कार्ड १९४९ नंतरचं, कारण तो जिल्हा तेव्हा निघाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. लोकांची सवय लगेच सुटत नाही, म्हणून १९६० ही कठोर सीमा धरू नका. अशा सीमा 'नॉटबिफोर' आणि 'नॉटआफ्टर' या गुणधर्मांत लिहायच्या आणि कशावरून ठरवलं ते टिपेत.

तारखा : शक, सुहूर, आणि दहा दिवसांचा घोळ

पेशवाईच्या पत्रांत इसवी तारीख नसतेच. शके असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवा आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांतली अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहायची कालगणना, मृगाच्या सुमारास बदलतो. तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे वर्ष संपेपर्यंत ६००. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. पानिपतची लढाई जानेवारी १७६१ ची, म्हणून ११६१ मध्ये ६०० मिळवले की बरोबर १७६१ येतं. 'छ'च्या पुढचा आकडा चंद्राचा, हिजरी महिन्याचा दिवस. तो संध्याकाळी सुरू होतो, त्यामुळे इंग्रजी तारखेत एका दिवसाचा फरक पडू शकतो.

हे गणित करून आलेली तारीख 'व्हेन'मध्ये जाते, मूळ शब्द खुणेच्या आत तसेच राहतात, आणि 'कॅलेंडर' या गुणधर्मात कोणती कालगणना ते. वर्ष नसून नुसता महिना-दिवस असेल, तर पत्रातल्या घटनेवरून आलेलं वर्ष 'सर्ट' कमी ठेवूनच द्या.

एक खाचखळगा अजून. टीईआयमधला 'व्हेन' ग्रेगोरियन तारीख मागतो. इंग्रजी कागदांत १७५२ पर्यंत ज्युलियन तारखा आहेत. शिवराज्याभिषेकाची रूढ ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियनप्रमाणे ती १६ जून येते. सतराव्या शतकातली पत्रं इंग्रज वखारीच्या कागदांशी लावून पाहायची असतील तर हे दहा दिवस आधी सोडवून घ्या. विसाव्या शतकातल्या कार्डासाठी साधी युक्ती म्हणजे वार. ३ जून १९५२ ला मंगळवार होता. कार्डावर 'बुधवार' असेल तर एक तर वार चुकला किंवा तुमचं वाचन.

माणसं आणि गावं

वरच्या कार्डात एकही नाव नाही. आई, तात्या, आक्का. मराठी घरगुती पत्रं अशीच असतात. 'पर्सनेम' ही खूण प्रत्यक्ष नावासाठी ठेवा, नात्याच्या किंवा हाकेच्या शब्दासाठी 'आरएस' वापरा आणि दोन्हींना 'रेफ' देऊन व्यक्तींच्या वेगळ्या फाइलीशी जोडा. एकाच माणसाला पुतण्या 'तात्या' म्हणतो, बायको पत्रात 'इकडून' म्हणते आणि सावकार 'रा. रा.' लावून पूर्ण नाव लिहितो. तिन्ही एकाच क्रमांकावर येतात. व्यक्तींच्या फाइलीत माहिती कुणी दिली तेही लिहा : घरच्यांनी सांगितलं, वंशावळीत आहे, की दुसऱ्या पत्रावरून कळलं. जिवंत माणसांची जन्मतारीख आणि पत्ता प्रकाशित फाइलीत ठेवू नका.

गावांची फाइल त्याहून जास्त काम मागते. 'सातारा' म्हणजे शहर, जिल्हा की १८४८ मध्ये खालसा झालेलं राज्य, हे प्रत्येक वेळी ठरवावं लागतं. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, पण १९४८ पर्यंत ती संस्थानाची राजधानी. तासगाव कधी पटवर्धनांकडचं ठाणं, मग सातारा जिल्हा, मग दक्षिण सातारा, मग सांगली. म्हणून गावाच्या नोंदीत अक्षांश-रेखांश एकदा आणि 'कशात मोडत होतं' हे कालावधीसह पुन्हा पुन्हा. त्याच नावाच्या वाड्या या दोन जिल्ह्यांत इतक्या आहेत की तालुका किंवा पोस्टाचं गाव कळल्याशिवाय नकाशावर बिंदू टाकूच नये.

सांगणारी आणि लिहिणारा

गिरणीतल्या मुलाला आईचं उलट कार्ड आलं असेल तर ते बहुधा तिनं लिहिलेलं नाही. तिनं सांगितलं आणि शाळेत जाणाऱ्या कुणीतरी, मास्तरांनी किंवा पोस्टमननं लिहिलं. मुलाच्या कार्डातही शेवटी 'पत्र वाचणारास नमस्कार' आहे. म्हणजे पत्र जिच्या नावे आहे ती ऐकणारी, वाचणारा वेगळा.

हेडरमध्ये पाठवणारी म्हणून आईच येईल. पण 'हँडनोट'मध्ये लेखनिकाची वेगळी नोंद करा, नाव कळत नसेल तर 'शाळकरी हस्ताक्षर, अज्ञात' एवढं तरी. मध्येच अक्षर बदललं तर 'हँडशिफ्ट'. शेवटच्या दोन ओळी लेखनिक स्वतःच्या वतीनं घालतो, 'मी पास झालो' वगैरे, तेव्हा त्या ओळी 'क्यू' या खुणेत घेऊन तिच्या 'हू' या गुणधर्मात त्याचा क्रमांक द्या. हे केलं की पुढे कुणाला त्या गावात कोण कुणासाठी लिहीत होतं हे शोधता येईल. स्त्रियांचे शब्द आपल्या संग्रहांत सर्वाधिक या वाटेनं आलेत, आणि आवृत्तीत लेखनिकाचंच नाव राहिलं तर ते पुन्हा दुसऱ्याच्या नावावर जमा होतात.

तिची बोली ही चूक नाही. 'लई', 'आमी बी', 'तकडं' यांवर 'सिक' (चूक) आणि 'कॉर' (दुरुस्ती) घालू नका. ती जोडी लेखणी घसरली तिथेच वापरायची, जसं 'मनिआर्डर'चं 'मनिआडर्र' झालं. वाचकाला एखादा शब्द अडेल असं वाटलं तर टीप द्या. माणदेशातल्या आणि वाळव्यातल्या पत्रांत शब्द वेगळे दिसतील, ते एकसारखे करायचा अधिकार संपादकाला नाही.

तपासणी आणि प्रकाशन

साधन म्हणून व्हीएस कोड फुकट आहे, एक्सएमएलची जोड घातली की पुरतं. ऑक्सिजन विकतचं आहे, पण सोयीचं. टीईआयच्या संपूर्ण संचावर तपासणी लावलीत तर शेकडो खुणा समोर येतात आणि प्रत्येक जण वेगळी निवडतो. म्हणून रोमा या साधनानं आपल्याला लागणाऱ्या तीस-चाळीस खुणांचाच साचा काढा आणि फाइली त्यावरच तपासा. संगणक खूण बंद झाली का, तारीख नियमात आहे का एवढं पाहतो. 'सप्लाइड'ऐवजी 'अनक्लिअर' घातलंत हे त्याला कळत नाही. त्यासाठी दोन माणसं : एकानं प्रतिमेवरून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं फाइल पाहायची, आणि ज्यानं टंकलं त्यानं वाचायचं नाही. कुणी काय बदललं ते 'रिव्हिजनडेस्क'मध्ये तारखेसह.

हस्ताक्षर वाचणारी यंत्रं, ट्रान्सक्रिबससारखी, स्वच्छ देवनागरी हस्ताक्षराच्या मोठ्या गठ्ठ्याला मदत करू शकतात. मोडीला आणि चार थरांच्या पोस्टकार्डाला मी ती लावणार नाही.

दाखवण्यासाठी टीईआय पब्लिशर हे सॉफ्टवेअर आहे. सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल तर सेटीशियन ही छोटी जावास्क्रिप्ट जोड ब्राउझरमध्येच फाइल उघडते, तिला साधी जागा पुरते. डावीकडे प्रतिमा, उजवीकडे पाठ, आणि 'संक्षेप उलगडून' व 'जसं आहे तसं' असं एक बटण. मूळ एक्सएमएल फाइली उतरवून घेण्याची सोय ठेवा आणि त्यांवर परवाना स्पष्ट लिहा. पाठवणारा, घेणारा, गाव, तारीख एवढीच माहिती सीएमआयएफ नावाच्या छोट्या फाइलीत काढता येते. बर्लिनच्या विज्ञान अकादमीचं करेस्पसर्च हे शोधस्थळ अशा फाइली गोळा करतं. मात्र तिथे माणसांना आणि गावांना व्हीआयएएफ, जिओनेम्ससारखे जागतिक क्रमांक लागतात. गावांचे बहुधा मिळतील. तात्यांचा नसेल, तिथे नाव तसंच द्या.

सगळा गठ्ठा पूर्ण होईपर्यंत थांबू नका. एकाच घरातली, एकाच दशकातली पंचवीस-तीस कार्डं घेऊन पहिली आवृत्ती बाहेर काढा, तिला क्रमांक द्या, आणि ज्या घरातून पत्रं आली त्या घरी आधी दाखवा. 'गॅप' घातलेली निम्मी नावं त्याच बैठकीत कुणीतरी सांगून टाकतं. ती फाइलीत घालताना सांगणाऱ्याचा क्रमांक 'रेस्प' या गुणधर्मात द्या, आणि माहिती तोंडी मिळाली हे आणि सांगणाऱ्याशी नातं काय, हे टिपेत नोंदवा.